बॉबलिंगेनमधले इस्त्रीचे शर्ट

"दादाचे कपडे आता देऊन टाकते गं," असं वहिनी फोनवर म्हणाल्या. मी ओरडलेच, "मी येईपर्यंत एकही देऊ नका!" मग व्हिसाच्या मागे लागले.

मी पुण्यात चित्रकला शिकवते आणि बरीच वर्षं फक्त कपडे रंगवते. माणूस नाही, नुसते कपडे. घालून घालून कापडाला अंगाचं वळण लागतं, कोपरापाशी चुण्या बसतात, त्या मला हव्या असतात. दादा, माझा मोठा भाऊ, जर्मनीत बॉबलिंगेनला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर होता. तो हिवाळ्यात गेला, तेव्हा मला पोहोचता आलं नाही. निदान त्याच्या बाहीवरच्या चुण्या तरी बघाव्यात, एवढंच डोक्यात होतं.

फ्रांकफुर्टला उतरलात तर विमानतळावरूनच स्टुटगार्टची वेगवान गाडी मिळते. तिकीट आधी काढून ठेवा, आयत्या वेळी फार महाग पडतं. पुढे बॉबलिंगेनपर्यंत एस-बान, म्हणजे तिथली लोकल. खायला स्टेशनवर लोणी लावलेला ब्रेत्झेल, म्हणजे पीळ दिलेला खारा पाव, घ्या, पोट भरतं आणि हात खराब होत नाहीत.

वहिनींनी थालीपीठ खायला घातलं आणि मग कौतुकाने कपाट उघडलं. सगळे शर्ट धुतलेले, कडक इस्त्रीचे, रांगेत.

"तू चित्रं काढणार ना, म्हणून सगळं स्वच्छ केलं. मळके कसे दाखवायचे? आणि द्यायचे तरी धुवूनच द्यायला हवेत."

मी "छान" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण भयंकर राग आला, आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. वर्गात मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते की कपडा धुऊन आणू नका. वहिनींना तेवढं सांगायचं राहिलं.

दुसऱ्या दिवशी स्टुटगार्टला जाऊन संग्रहालयात जुने पोशाख पाहिले. कपड्यांत रस असेल तर अख्खा दिवस ठेवा. एका कोटाच्या बाहीजवळ मी इतकी वाकले की पहारेकरी बाई म्हणाल्या, "बिटे," म्हणजे कृपया, "हात नका लावू." त्या कोटाला मात्र कुणी इस्त्री केली नव्हती.

रविवारी बॉबलिंगेनमध्ये दुकानं बंद असतात, दूध आदल्या दिवशीच आणून ठेवा. आम्ही तळ्याभोवती फिरून आलो. परतल्यावर वहिनी कचरा टाकायला निघाल्या आणि दारामागचं निळं जाकीट त्यांनी सहज अंगावर चढवलं. बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"हे दादाचं?"

"हो. खाली जायला बरं पडतं."

"धुतलंत?"

"कचऱ्याला न्यायचं जाकीट कोण धुतंय! आल्झो, काय झालं?" तिकडचं "आल्झो" म्हणजे आपलं "मग".

मी त्यांना जिन्यातच थांबवलं. पिशवी हातात धरून त्या उभ्या राहिल्या, मी वहीत चित्र काढत राहिले. वरच्या चुण्या दादाच्या असाव्यात. दुमडलेल्या भागातल्या वहिनींच्या. नक्की कुठली कुणाची, हे मला सांगता येईना.

"हे मी नेऊ?" मी विचारलं.

"नाही गं," त्या लगेच म्हणाल्या. "हे नको मागूस." मग माझ्या बॅगेत त्यांनी एक पांढरा शर्ट ठेवला, घडी न मोडता.

बाकीचे कपडे मी असतानाच रस्त्यावरच्या जुन्या कपड्यांच्या दानपेटीत गेले. पिशव्या मीच उचलल्या.

पुण्यात परतून महिना झाला. खर्च निघाला का, असं लोक विचारतात. जिन्यातलं ते एक चित्र आहे, आणि ते मला पुरेसं वाटत नाही, हे खरं. दादाचा तो पांढरा शर्ट मी रोज वर्गात घालते. आमच्या घरात सगळ्यांचेच हात लांब, त्यामुळे बाह्या दुमडाव्या लागत नाहीत. आता कोपरापाशी चुणी पडायला लागली आहे. ती माझीच आहे, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी शर्ट धुवायला टाकलेला नाही.