बिनझाकणाचे ड्रम

रात्रपाळीच्या आठवड्यात उखाचा दिवस संध्याकाळी साडेपाचला सुरू व्हायचा. उठला की चहाच्या आधी तो मागच्या ओट्यावर जाऊन ड्रम बघायचा. मग अंघोळ, भाकरी, आणि सात वाजता सुरतेतल्या पर्वत पाटियाच्या नाक्यावरून कंपनीची बस. पलसाण्याच्या कापड रंगवायच्या प्रोसेस हाउसमध्ये त्याचं काम एकच होतं. केमिकलचे रिकामे झालेले ड्रम धुणं. एकतीस वर्षं त्याने तेच केलं. मी त्याच खात्यात जेट मशीनवर होतो आणि गल्लीत त्याच्या भिंतीला भिंत लावून राहतो, म्हणून हे मला माहीत आहे.

ड्रम धुणं सोपं काम नाही. तीन पाणी लागतात. पहिलं थंड, दुसरं बॉयलरचं उकळतं, तिसरं परत थंड. प्रत्येक पाण्याला ड्रम आडवा करून वीस वेळा फिरवायचा. लोक आठ वेळा फिरवतात आणि वीस सांगतात. उखा वीस फिरवायचा. शेवटच्या पाण्यात तो हळद टाकून बघायचा. शर्टाच्या खिशात त्याची हळदीची पुडी कायम असे. मिलमध्ये कॉस्टिक येतं, सोड्यासारखंच पण अंगाची साल काढणारं. त्याला रंग नाही, वास नाही. पण कॉस्टिकच्या पाण्यात हळद टाकली की ती लाल होते. लाल झाली की उखा परत पहिल्या पाण्यापासून सुरू करायचा. धुतलेला ड्रम तो उघडा ठेवायचा, दोन दिवस वारा लागू द्यायचा. यार्डातला नियमच तो. झाकण घट्ट असेल तो न धुतलेला, झाकण नसेल तो धुतलेला.

मालक असले ड्रम विकायचा. गल्लीत पाणी सकाळी तासभर येतं, म्हणून प्रत्येक घराला ड्रम लागतो. बायका उखाकडेच मागायच्या. "उखाभाऊंनी धुतलेला" म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे. मला विचाराल तर केमिकलचा ड्रम कितीही धुवा, पिण्याच्या पाण्याला वापरू नये. हळद फक्त कॉस्टिक सांगते, बाकीचं काही सांगत नाही. पण हे मी आज म्हणतो आहे. तेव्हा माझ्या घरातही त्याचाच ड्रम होता.

त्याची मुलगी जयश्री कामरेजला राहते. जावई हेमराज छोटा टेम्पो चालवतो. हेमराजला मोबाइलवर तंबूचे व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. त्याने एक भगवा तंबू मागवला. सव्वीस जानेवारी सोमवारी आली, सुट्ट्या जोडून मिळाल्या. पाटडीच्या पुढे कच्छच्या लहान रणात मीठ पिकवणारे सवजीभाई त्याच्या ओळखीचे. त्यांच्या झोपडीपासून थोडं अंतर ठेवून तंबू ठोकायचा, सहा वर्षांच्या मृणालला रानगाढवं दाखवायची, असं ठरलं.

उखाने पहिला प्रश्न पाण्याचा केला.

"तिथं मिळतं ना," हेमराज म्हणाला. "सवजीभाई राहतातच की."

"सवजीभाईला पंधरा दिवसांनी टँकर येतो. ते पाणी त्यांच्या पोरांचं आहे. खाली बोअर मारला तर मीठ निघतं. माणशी रोजचं पाच लिटर धरा. तिघं, तीन दिवस. झाले पंचेचाळीस. एक ड्रम फुटला तर? म्हणून दोन न्या, पन्नासचे. एक प्यायला, एक वापरायला. सावलीत ठेवा, ओलं गोणपाट गुंडाळा. आत हात बुडवायचा नाही, दांड्याचा डाव घ्यायचा."

"मामा, आम्ही फिरायला चाललोय, बॉर्डरवर नाही," हेमराज हसला.

उखा हसला नाही. बुधवारी त्याने दोन ड्रम धुतले, घरी आणून ओट्यावर उघडे ठेवले.

गुरुवारच्या पाळीत तिसरा ड्रम हाताला लागला. शेजारच्या मंदाला न्हाणीघरासाठी हवा होता. तो कॉस्टिकचा होता. त्या रात्री बॉयलर बंद पडला, गरम पाणी नव्हतं. सकाळी बस सुटायची वेळ झाली. एकतीस वर्षांत न धुतलेला ड्रम त्याने घरी आणला नव्हता. त्या दिवशी आणला. झाकण घट्ट आवळलं, ओट्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवला आणि झोपला. शनिवारी धुवू म्हणाला असेल मनात. बोलला कोणाला नाही. थंडीत कॉस्टिक तळाशी थिजतं. ड्रम हलवला तरी खळखळत नाही.

शुक्रवारी दुपारी महापालिकेची मलेरियावाली बाई आली. सुरतेत ती कोणाच्याही घरात शिरते, टाक्या बघते, अळ्या सापडल्या तर नोटीस देते. उखा आत झोपला होता.

"ए माजी, आ बधा ढांकी दो," ती उघडे ड्रम बघून म्हणाली. "नै तो नोटिस आपीश."

प्रमिलाबाईंनी, म्हणजे उखाच्या बायकोने, खिळ्यावरची झाकणं काढून दोन्ही ड्रमला लावली. मग ओटा झाडायला तिन्ही ड्रम ओढून एका रांगेत केले. तिन्ही निळे, तिन्हींना झाकण. नवऱ्याला उठवलं नाही. रात्रभर राबलेल्या माणसाला कोण उठवतं?

साडेपाचला उखा उठला. ओट्याकडे निघाला तेवढ्यात आईबापाबरोबर मृणाल आली आणि त्याच्या मांडीवर बसली. आबा, रानगाढव चावतं का? आबा, त्याला शेपूट असतं का? तिच्या नादात अर्धा तास गेला. ओट्यावर न जाता तो बसला धावला.

टेम्पो रात्री आठला निघायचा होता. पाणी हेमराजने गच्चीवरच्या टाकीतून पाइप लावून भरलं. भरण्याआधी त्याने सासूला विचारलं, "मामी, कुठले घेऊ?"

"कोनताबी ल्या बापू. बठ्ठा त्यासनाच हातना धुयेल शेतस."

सगळेच उखाने धुतलेले म्हटल्यावर त्याने जवळचे दोन घेतले. एक ड्रम भरताना कोमट लागला. कॉस्टिकवर पाणी पडलं की ते तापतं हे त्याला माहीत नव्हतं; टाकीचं पाणी उन्हाने तापलं असेल असं त्याला वाटलं. हे त्याने नंतर लिहून सांगितलं, कारण तेव्हा त्याला बोलता येत नव्हतं.

शनिवारी सकाळी सव्वानऊला मी दाराशी पेपर वाचत होतो. उखा पाळीवरून आला, थेट ओट्यावर गेला. मग त्याने बायकोला हाक मारली. हाक मोठी नव्हती, पण मी उठून गेलो.

ओट्यावर एक ड्रम होता. उखाने त्याचं झाकण काढलं होतं. आत हात घालून तो बोटं एकमेकांवर घासत होता; कॉस्टिक असतं तर ती साबणासारखी सरकली असती.

"हाऊ धुयेल शे," तो म्हणाला. "झाकन कोनी लावं?"

"मी लावं. ती बाई नोटीस दी म्हने. तुम्ही झोपेल व्हतात." प्रमिलाबाई त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. "काय जयं?"

न धुतलेला ड्रम रणात गेला होता. त्याने फोन काढला. हेमराजचा लागेना. जयश्रीचा लागेना. पोहोचून त्यांना दोन-तीन तास झाले असणार आणि रणात रेंज नाही. सवजीभाईंचा नंबर मिळवायला अर्धा तास गेला. तोही बंद. मिठाच्या ढिगावर चढलं तर कधी लागतो, असं सांगण्यात आलं.

गल्लीतल्या प्रशांतची भाड्याची गाडी आहे. उखाने पत्र्याच्या पेटीतून पैसे काढले. वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी तो ते साठवत होता. पावसाआधी स्लॅब टाकायचा आणि ऑगस्टमध्ये निवृत्त व्हायचं, असा त्याचा बेत होता. त्याने ते न मोजता खिशात घातले. मी न विचारता गाडीत बसलो.

"पळव," उखा म्हणाला.

"काका, सौनी उपर नै जाय. सीएनजी छे," प्रशांत म्हणाला. पण पळवली.

रस्ताभर उखा एकच हिशोब करत होता. "मीच सांगितलं, एक प्यायला, एक वापरायला. वापरायचा असेल तर हाताची आग होईल, कळेल. प्यायचा असेल तर..." मग थांबायचा. थोड्या वेळाने परत पहिल्यापासून. मी म्हटलं, तोंडाला लागलं की थुंकतील. तो म्हणाला, "मोठा माणूस थुंकेल. पोरगी गिळते. तिला औषध नाक दाबून देतात ना, ती न चव घेता गिळते."



नडियादच्या अलीकडे फोन आला. सवजीभाई होते.

"तुम्हारा जमाई पानी पिया. मुँह जल गया, बोल नहीं सकता. मैं फटफटी पे पाटडी दवाखाने लाया हूँ."

"बच्ची ने पिया?" उखाने विचारलं.

"मालूम नहीं. मैं अगर में था, नमक की क्यारी में, दूर. बहनजी चिल्लाई तो मैं भागा, इसको उठाया. बच्ची तंबू में थी."

"कैसी थी?"

"सोई हुई थी."

फोन कटला. परत लावला, लागला नाही. दुपारचा एक वाजला होता.

पाटडीला साडेचार झाले. डॉक्टरांनी हेमराजला ॲम्ब्युलन्सने अहमदाबादला पाठवून दिलं होतं. ते आमची वाट बघत थांबलेल्या सवजीभाईंना एवढंच म्हणाले, "उलटी करवली नाही हे बरं केलंत. आतून किती भाजलंय ते तिथं कळेल." उखाने पाण्याचे तीन सीलबंद जार घेतले. सील स्वतः तपासलं, बोटाने दाबून. सवजीभाई फटफटीवर पुढे, आम्ही मागे.

रणात रस्ता नसतो, चाकांच्या खुणा असतात. जमीन भेगाळलेली, सपाट, कुठे झाड नाही, पक्षी नाही. तिथे तहान लागली तर माणूस कुणाला हाक मारणार? लांबून भगवा तंबू दिसला. तो जवळ येईना. उखा डॅशबोर्डला दोन्ही हात लावून बसला होता. वीस वेळा ड्रम फिरवणारे हात, दाबून धरलेले.

तंबूबाहेर जयश्री बसली होती. तिच्यापुढे दोन वाट्या. एकीत पिवळं पाणी, एकीत लाल. पन्नास पावलांवर एक निळा ड्रम आडवा पडला होता, खालची जमीन ओली. दुसरा ड्रम तंबूच्या सावलीत, ओलं गोणपाट गुंडाळून, सांगितलं होतं तसाच.

उखा गाडीतून उतरला पण पुढे जाईना. तंबूच्या आत मृणालचे पाय दिसत होते. हलत नव्हते.

"जयू," तो म्हणाला.

"झोपलीये बाबा. रडून झोपली." जयश्रीचे ओठ फुटले होते. "तंबू ठोकून झाल्यावर ह्यांनी ड्रम उतरवले, तहान लागली होती, उभ्यानेच तांब्या लावला तोंडाला. दोन घोट गेले आत. मला वाटलं दोन्ही ड्रम खराब. सवजीभाईंच्या घरी मागायला गेले, तर त्यांचंही आज संपलेलं, टँकर उद्या. मृणाल पाणी पाणी करत होती. मग तुमच्या खिशातली हळद आठवली. खिचडीसाठी मीही आणली होती."

"पिवळं तू लगेच दिलंस तिला?"

"नाही. आधी मी प्याले. तासभर बसून राहिले, मला काही होतंय का बघत. मग तिला दिलं."

मृणाल आवाजाने जागी झाली. तंबूतून बाहेर आली, आजोबाला बघून तिला नवल वाटलं नाही. "आबा," ती म्हणाली, "हळद लाल झाली. आईने मला हात लावू दिला नाही."

उखाने तिला जवळ घेतलं नाही. तो आडव्या ड्रमकडे गेला, गुडघ्यावर बसला, तळाशी उरलेल्या पाण्यात दोन बोटं बुडवून घासली. साबणासारखी सरकली. त्याने ती तशीच घासत ठेवली, आग व्हायला लागली तरी. सवजीभाईंनी त्याचा हात धरून जारच्या पाण्याखाली नेला, तेव्हा थांबला. आम्ही जयश्रीला आणि पोरीला गाडीत घेतलं. दोन्ही ड्रम त्याने कापून टाकायला लावले.

हेमराज वाचला. पण अन्ननलिका भाजून आखडली होती. सुरतेच्या डॉक्टरांनी सांगितलं, दर तीन आठवड्यांनी घशातून नळी घालून ती रुंद करावी लागेल. किती वेळा, ते सांगता येत नाही. टेम्पो दारात उभा राहिला. उखा पाळीवर जात राहिला, पण घरी एकही ड्रम आणला नाही. यार्डात तो आता तीनऐवजी पाच पाणी घालतो, असं लोक सांगायचे. गल्लीत मात्र निळे ड्रम तसेच आहेत. मी दारोदार जाऊन सांगितलं. "उखाभाऊंनी धुतलेला आहे," असं बायका मलाच समजावतात.

ऑगस्टमध्ये तो निवृत्त झाला. स्लॅब पडला नाही. पत्र्याची पेटी, फंड, शेवटचा पगार, सगळं त्या नळीत गेलं. नवव्यांदा नळी घातल्यानंतर, एका रविवारी, हेमराजने सासूने मऊ शिजवलेला वाटीभर भात खाल्ला. एकेक शीत, पाऊण तास लागला. उखा समोर बसून वाटी रिकामी होईपर्यंत बघत होता. एकतीस वर्षांच्या मजुरीतून शेवटी तो भात खाली उतरला. डॉक्टरांनी दहाव्या वेळेची तारीख दिली आहे.