ईश्वरदासभाऊंचा समोरचा दात

आमच्या ईश्वरदासभाऊंनी चाळीस वर्षं हातमाग चालवला आणि तुटलेला-जोडलेला प्रत्येक धागा समोरच्या दातानं तोडला. त्या दाताला खाच पडली. नातवंडांनी रात्री ब्रश केला नाही तर मात्र भाऊ घर डोक्यावर घ्यायचे. शेवटी सून पुष्पलतानं त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं खाच भरली आणि बजावलं, "आता दातानं धागा तोडायचा नाही."

"मी का लहान पोट्टा आहो का?" भाऊ चिडले.

उठताना त्यांना डॉक्टरच्या कोटाचं बटण लोंबताना दिसलं. टोपीतला सुईदोरा काढून त्यांनी ते तिथंच पक्कं शिवलं. डॉक्टरला कात्री सापडेपर्यंत धागा तुटला होता आणि दातात भरलेलं सिमेंट पांढऱ्या कोटावर पडलं होतं.