सात विसाव्यांचा घाट

सायकलीनं चिखलदऱ्याला जायचं आमचं ठरलं तेव्हा आणीबाणी नुकतीच उठली होती. मी वर्ध्याला कारकून होतो आणि सिंदी मेघेत एका खोलीत राहत होतो. शेजारच्या खोलीत कचेरीतलाच एक जण राहायचा. माझ्या माणूसघाण्या स्वभावापुढं टिकलेला तेवढाच एक मित्र.

रविवारी आम्ही नकाशा पसरून दोऱ्यानं रस्ता मोजायचो. पंचाईत अशी, की जिल्ह्याचा नकाशा वर्धा नदीपाशी संपायचा, आणि चढ तर कुठल्याच नकाशात नव्हते. मग आर्वीच्या डेपोत घाटाच्या पायथ्याच्या परतवाड्याहून बदलून आलेला एक एसटी ड्रायव्हर मी गाठला. बस कुठं दुसऱ्या गिअरवर येते, कुठं पहिल्यावर, हे विचारून विचारून अख्खा घाट वहीत उतरवून घेतला.

"इथं गाडी रडते, बाबू," एका वळणाबद्दल तो म्हणाला. "तुमी त उतरूनच ढकला."

मित्राला चढावर लवकर धाप लागायची. म्हणून विसावे मी त्याच्या दमानं आखले. घाटात सात.

पुढं त्याची चंद्रपूरला बदली झाली, लग्न झालं. मुलगी आर्वीची. लग्नाच्या पंगतीतही मी त्याला घाटाचंच सांगत होतो. दिवाळीच्या सुट्टीतला दिवस ठरवून मी कार्ड टाकलं, सायकल बसच्या टपावर टाकून आर्वीला ये, तिथून निघू. उत्तर आलं, 'दिवाळीत आर्वीला येतोच आहे.' मी इतका हरखलो, की दिवाळसण नावाची काही गोष्ट असते हे माझ्या सडाफटिंग डोक्यात आलंच नाही.

त्या दिवशी सकाळपासून आर्वीच्या स्टँडवर मी येणाऱ्या प्रत्येक बसचा टप बघत होतो. दुपारी तो उतरला. कडक इस्त्रीचे कपडे, हातात मिठाईचा पुडा, मागं बायको. टपावर सायकल नव्हती. माझी सामान लादलेली सायकल बघून त्याला हसूच आलं.

"अबे, तू खरंच निघाला का? मले वाटलं, आपण नुस्तंच बोलून राह्यलतो. चाल, सासरी चाल, जेवून जाजो."

त्यानं फसवलं असतं तर मी भांडलो तरी असतो. पण तो अगदी खरं बोलत होता, आणि तेच मला फार लागलं. इतके रविवार मी एकटाच निघालो होतो. भूक नाही म्हणून सांगितलं आणि पायडल मारलं.

तिसऱ्या दिवशी घाट लागला. ड्रायव्हरनं सांगितलेली वळणं तंतोतंत निघाली. माझा दम शाबूत होता, थांबायची काही गरज नव्हती. तरी सातही विसाव्यांना मी उतरलो, सायकल झाडाला टेकवली आणि त्याची धाप ओसरायला लागला असता तेवढा वेळ बसून राहिलो.