शेळ्यांच्या तोंडची लूंग

बापाला चौथी मुलगी झाली तेव्हा त्याने तिचं नाव धापू ठेवलं. धापू म्हणजे पोट भरलं, आता पुरे. आपल्याकडे नकुशी ठेवतात, त्यातलाच प्रकार. तेव्हापासून ही बाई जी चिडलेली आहे ती आजतागायत, आणि खरं सांगायचं तर तिचं काही चुकलं नाही.

राजस्थानात, नागौरकडच्या त्या वाळूत पाऊस पडला तर पडला, नाहीतर सगळी भिस्त खेजडीवर. खेजडी म्हणजे आपली शमी. दिवाळी झाली की फांद्या छाटायच्या आणि पाला वाळवायचा. त्या वाळल्या पाल्याला लूंग म्हणतात. गाभण शेळीला हिवाळाभर लूंग मिळाली की पोटातलं करडू धरतं, आचळात दूध उतरतं. नुसत्या बाजरीच्या सरमाडावर ते होत नाही. धापू म्हणायची, "सरमाडानं पोट फुगतं, अंग भरत नाही."

शेताची वाटणी झाली तेव्हा खेजड्या धापूच्या थोरल्या दिराच्या, केसारामच्या, वाट्याला गेल्या. पण सासऱ्याने मरताना चारचौघांत सांगितलं होतं, जमीन थोरल्याची, लूंग दोन्ही घरच्या शेळ्यांची. ते बरीच वर्षं सुरळीत चाललं. मग शहरातल्या लग्नांत सांगरीची भाजी मिरवायला लागली. सांगरी ही ह्याच झाडाची कोवळी शेंग, आणि झाड छाटलं की येत्या उन्हाळ्यात शेंग धरत नाही. केसाराम व्यापाऱ्याला शब्द देऊन बसला आणि गेल्या हिवाळ्यात त्याने छाटणी बंद केली. म्हाताऱ्याचा शब्द गेला वाऱ्यावर.

त्या हिवाळ्यात धापूच्या शेळ्या व्यायल्या, पण करडं उभीच राहिली नाहीत. त्यांना मान वर धरवत नव्हती, आणि धरली असती तरी आचळात होतं काय? धापूने एकेक करडू खड्ड्यात ठेवलं आणि वर वाळू लोटली.

"देवाची मर्जी," रूपाराम म्हणाला. हा तिचा नवरा.

"देवानं कुऱ्हाड लपवली होती का?"

तो विडी पेटवायला बाहेर गेला. ह्या माणसाने उभ्या जन्मात भावाला 'नाही' म्हटलेलं नाही.

धापूला स्वतः बोलायची सोय नव्हती. थोरला दीर म्हणजे जेठ. त्याच्यासमोर घुंघट, आणि घुंघटातून चकार शब्द नाही. त्यानेही तिच्याकडे बघायचं नाही. नातवंडं झाली तरी ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती. म्हणून ती शेळीशी बोलायची. केसाराम बाजेवर बसलेला दिसला की काबरीचा कान धरून म्हणायची, "काबरे, उपाशी राहायला शीक बाई. तुझ्या तोंडचं आता शहरातले वऱ्हाडी खातात. त्यांना ढेकर नको का यायला?"

केसारामही कमी नव्हता. तो बाजेच्या पायाला सांगायचा, "काहींच्या शेळ्यांना फुकटचं खायची सवय लागलीय."

यंदा शेळ्या पुन्हा गाभण राहिल्या. धापूने जावेकडून निरोप धाडला, निम्म्या खेजड्या छाटू, निम्म्या शेंगेला ठेवू, पुढच्या साली उलट करू. जाऊ उत्तर घेऊन आली, एकाही पानाला हात लागता कामा नये.

सकाळी धापू कुऱ्हाड घेऊन शेतात गेली आणि सरळ झाडावर चढली. काट्यांनी पाय ओरबाडले, तिने लक्ष दिलं नाही. केसाराम धावत आला आणि झाडाखाली येऊन अडकला. करणार काय? भावजयीकडे मान वर करून बघायचं नाही. तिला हात धरून ओढायचा तर प्रश्नच नाही. त्याच्या पागोट्यावर फांद्या पडत होत्या आणि तो बुंध्याला दम देत होता, "उतरायला सांग तिला, नाहीतर तंगडं मोडीन."

"कुणाचं?" वरून आवाज आला.

केसाराम दचकला. धापूने घुंघट मागे टाकला होता.

"जेठजी, वर बघा. माझ्या तोंडाकडे बघून म्हणा, तुझी करडं मेली तरी चालतील. एवढं म्हणा, मी उतरते."

त्याने वर पाहिलं नाही. पागोटं झटकलं आणि चालू पडला. धापूने निम्मी झाडं छाटली, तीही शेंड्याचा कोंब राखून. उरलेल्यांना ती शिवली नाही.

संध्याकाळी पंच बसले. सून जेठाच्या डोक्यावर चढली, तोंड उघडं टाकलं, वर बोलली, ह्यावर प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं. शेळ्यांचं नाव कोणी काढलं नाही. सासऱ्याचा शब्द ज्यांनी आपल्या कानांनी ऐकला होता ते म्हातारे मिशा कुरवाळत बसले. पंचांनी विचारलं, "तिचं काय म्हणणं आहे?" आणि पंचांसमोर सुनेने बोलायचं नसतं. असला हा न्याय. तिच्या वतीने नवऱ्याने बोलायचं होतं. रूपाराम उठला, त्याने हात जोडले.

"चुकलं तिचं," तो म्हणाला. "बाईमाणसाची अक्कल."

पंचांनी सांगितलं तसं धापूने दिराच्या उंबऱ्यावर डोकं टेकलं. लूंग मात्र तिच्याच अंगणात वाळली. भर थंडीत काबरीला जुळं झालं. दोन्ही करडं धडपडत उठली आणि आचळाला लागली, दूध त्यांच्या तोंडावरून ओघळत होतं. रूपाराम कौतुकाने बघायला आला.

धापूने ओढणी ओढून पार गळ्यापर्यंत घुंघट घेतला, परक्या पुरुषासमोर घेतात तसा, आणि त्याच्याकडे पाठ केली.

"अगं, मी आहे," रूपाराम म्हणाला.

ती बोलली नाही. अजून बोलत नाही.