रितूच्या पप्पाची पहिली पॉलिश

शेठ, माया नवऱ्याचा फोटो तुमच्या पेजवरून काढा.

हार टाकला फोटोले. खाली लिहिलं, आमचा गुनी कारागीर, जरा निष्काळजी होता.
अन् त्याच्या खाली लोकायनं हात जोडले.

मी सातवीपासून शाळेत गेली नाई. पन निष्काळजी म्हंजे काय ते मले समजते.

आज रितूच्या पप्पाले जाऊन एक वर्ष झालं.

ते अकोल्यात गाड्या धुवायचे, जठारपेठेकडच्या एका दुकानात. दुकानाचं नाव लिहत नाई. घरी लहान पोरगी हाय, मी भेतो.

गाडी धुनारा दिवसभर ओला राहते. पॉलिश करनारा कोरडा राहते, अन् त्याले लोक कारागीर म्हनतात.
यायले कारागीर व्हायचं होतं.

घरी माया लग्नातलं लोखंडी कपाट घासत बसायचे. जुनं फडकं, हात गोल गोल. मी म्हटलं, अवो रंग जाईन ना त्याचा. तं म्हने दाबलं का रंग जाते, दाबायचं नाई हेच तं शिकून राहिलो.
कोपऱ्याले फडकं लावत नोते. कोपऱ्यावर रंग पातय असते म्हने.

मंग एक दिवस दुकानातला पॉलिशवाला आलाच नाई. अन् एक लाल गाडी संध्याकाळी नवरदेवाले न्याले पायजे होती.
शेठनं यायच्या हातात पॉलिशची मशीन देली.

दुपारी व्हिडिओ कॉल आला. मशीनच्या आवाजात मले काईच ऐकू येईना. मंग बंद केली अन् बोनट दाखवलं. मधात कागदी टेप लावेल. इकडून लाल रंग उडेल, मळकट. तिकडून असा लाल का वरचा पंखा त्यात फिरताना दिसे.

फोन बोनटवर वाकवला अन् म्हने, "अवो पाय, तू बी दिसून राहिली यात."

मी इचारलं, मशीन हात वढते का. तं म्हने पहिल्यांदा अशी सुसाट पयाली, मले घेऊनच चालली होती. मंग स्पीड कमी केला, पॉलिशचं मलम थोडं थोडं लावलं, हात ढिला सोडला, तवा कुठी आयकली.
हसत होते. लय हसत होते.

त्याच्यानंतरचा फोन दुसऱ्यानं केला.

मशीनच्या वायरले जागोजागी टेप गुंडायेल होता. फरशी ओली होती. पायात काई नोतं.
करंट लागला.

शेठनं पोलिसाले सांगतलं, आमच्या नातेवाइकायले सांगतलं, का मी याले रोज बोलायचो चप्पल घालत जाय बापा, तो आयकेच ना.
सगळ्यायनं माना हलवल्या.

मी सांगतलं का शेठच पॉलिशच्या खोलीत चप्पल घालू देत नाई. चपलेसंग माती, धुरया येते अन् रंगावर चरे पडतात म्हनते. धुरया बसाले पायजे म्हनूनच फरशीवर पानी मारते. हे मले यायनंच सांगितलं होतं.

पन मी दुकानात नोती. बाईमानसाचं कोन आयकते.

सासूबाई मले म्हने, "तुले काय माईत? माया पोरगा आपल्याच हातानं मेला."

आता मी आज काहून लिहून राहिली ते आयका.

माया देर आकाश, म्हंजे यायचा लहाना भाऊ. शेठनं त्याले त्याच कामावर बोलावलं. म्हने भावाची जागा तुलेच देतो. सासूबाई खुश. मी आकाशच्या पाया पडली, जाऊ नको म्हटलं.
तं म्हने, "वयनी, मी दादासारखा नाई. मी ध्यान ठेवीन."

म्हंजे त्यानं बी मानलं होतं का चूक दादाचीच.

आज सकायी घरी यायच्या वर्षाचं पुण्यानुमोदन झालं. त्रिशरण पंचशील झालं, मानसं जेवली. अन् आकाश हात धुवून दुकानात निंगाला. त्याचा पहिला दिवस.

मी रितूले कडेवर घेतलं अन् मांगं मांगं गेली. कोनाले न इचारता सीधी पॉलिशच्या खोलीत घुसली.
आकाश एका पांढऱ्या गाडीपाशी उभा. मशीन हातात, चालू केली नोती अजून. फरशीवर आत्ताच पानी मारेल.

मी त्याच्यापुढं जाऊन उभी राह्यली.

शेठ धावत आला. माया तोंडाकडं पाह्यलंच नाई त्यानं. पायाकडं पाह्यलं.

"ओ बाई, चप्पल बाहेर. इथं चप्पल घालून कोनी येत नाई."



आकाशनं शेठकडं पाह्यलं. मंग सोताच्या उघड्या पायाकडं.
मशीन हळूच स्टूलवर ठेवली. बाहेर येऊन चप्पल घातली, रितूले मायाजवळून घेतलं, अन् आमी घरी आलो.

घरी आल्यावर आकाश सासूबाईपुढं बसला.
"माय, दादाचं काई चुकलं नोतं."

सासूबाई तवापासून भिंतीकडं तोंड करून बसल्या हायेत. जेवल्या बी नाई.

शेठचे फोन येऊन राहिले. म्हनते फेसबुकवर काई टाकू नको, तुयं घर पाह्यलं हाय मी.

शेठ, मी भेतो तुमाले. कडी लावून लिहून राहिली. पन उद्या त्या ओल्या फरशीवर दुसऱ्या कोनाचा नवरा उभा कराल तुमी. त्याच्या बायकोनं हे वाचावं.

बाकीच्यायनं फुलं टाकू नका खाली. भावपूर्ण गिवपूर्ण बी लिहू नका. शेठनं लिहिलं तेवढं झालं.

रितूचे पप्पा, तुमी निष्काळजी नोते. तुमी चांगले कारागीर होते.
आज घरात सगळ्यायले माईत झालं.

तुमाले शेवटचा जयभीम.