माझी गाडीच माझी खबर देत होती

मंडळी, आज दुपारपासून जीव हलका झालाय, म्हणून लिहितेय.

घटस्फोटाला वर्ष झालं, तरी पूर्वीच्या नवऱ्याचे फोन थांबत नव्हते. "काल सांजचा घराक नाय होतंस. खंय गेललंस?" त्याला हे कळायचं कसं? मी शेजारच्या जुबेदाचाचींवर संशय घेतला आणि त्यांच्याशी बोलणंच सोडलं.

माझी इलेक्ट्रिक गाडी घरच्या चार्जरला जोडली की संध्याकाळी ग्रिडला वीज परत देते. त्याचाच एक अर्ज भरायला आज मालवणच्या वीज कार्यालयात गेले होते. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "तुमच्या खात्यावर दोन मोबाइल जोडलेत. हा दुसरा कोणाचा?"

नंबर त्याचा होता. चार्जर बसवताना खातं त्यानेच उघडलं होतं. गाडी कधी जोडली, कधी काढली, सगळं त्याला ॲपवर दिसत होतं.

मॅडमनी माझ्यासमोर तो नंबर काढला आणि पासवर्ड बदलून घेतला. 

तिथून थेट चाचींकडे गेले आणि रडत माफी मागितली. त्यांनी मला जवळ घेतलं. "गो बाय, माका तेव्हाच इचारूक होया होता!"

तुमच्या गाडीच्या खात्यावर कोणाकोणाचे नंबर आहेत, कधी पाहिलंत?