मामाने मागितलेली मुलगी

रुपाली कुणाच्या चांगुलपणावर पटकन विश्वास ठेवत नाही. कॉलेजात मी पहिल्यांदा तिच्यापुढे डबा सरकवला तेव्हा तिने विचारलं, "का?"

मी डोंबिवलीची, एकुलती एक. माझ्या बारावीला बाबांनी टीव्ही बंद करून टाकलेला. घरात मोठ्याने कुणी शिंकायचंही नाही. रुपालीचं घर मोहन्याला. दोन खोल्या, चार भावंडं. ती थोरली, मग जागृती, मग रसिका, शेवटी मुकुल. बी.ए.ला मराठीत ती पहिली आली. मी एम.ए.ला गेले. तिला बी.एड. करायचं होतं. "रसिकाची दहावी होऊ दे," आई म्हणाली. ती झाली. आता रसिका बारावीत, मुकुल दहावीत. दोघांचा अभ्यास रुपालीच घेते. त्या घरात कुणाचं ना कुणाचं महत्त्वाचं वर्ष असतंच. रुपालीचं कधी आलेलं मी पाहिलं नाही.

ती सातवीत असताना कोळशेतचा त्र्यंबकमामा एका भाचीला शिकायला न्यायला आलेला. त्याला एकच मुलगा, फ्लॅट मोठा, शाळा जवळ. "ताई, हुशार असेल ती दे," तो म्हणाला. रुपालीने दप्तर भरून ठेवलं. सकाळी जागृती गेली.

रुपालीने आईला कारण विचारलं नाही. तर्क मात्र करत राहिली. कधी म्हणायची, मी काळी, मामीला नको असेन. कधी म्हणायची, आईचा जागृतीवरच जीव. मला मामाचाच संशय यायचा. भाची हवी होती की कामाला पोरगी?

जागृतीचं तिकडे जमलं नाही. हुशार म्हणून आणलेली, त्यामुळे मामीने तिला क्लास लावला नाही. ती नापास झाली तेव्हा मामीला वाटलं, मुद्दाम करते. दहावीनंतर ती घोडबंदर रोडच्या एका कपड्यांच्या दुकानात लागली.

या जूनमध्ये मामाचा पुन्हा फोन आला. मी तेव्हा रुपालीच्याच घरी होते. मुलगा नोकरीला बंगलोरला गेलेला, खोली रिकामी. रुपालीने त्यांच्याकडे राहून बी.एड. करावं, असं त्याचं म्हणणं.

"आताच बरी आठवण झाली," फोन ठेवत रुपाली म्हणाली. "मामीचे गुडघे गेले असणार."

"गेलेच आहेत," तिची आई, कांताकाकू, पोळी लाटता लाटता हसल्या. "तरी जा."

"तू पाठवतेस? तेव्हा नाही पाठवलंस."

काकूंनी पोळी उलटली. "तेव्हा हुशार म्हणून जागृतीला मीच पुढे केली."

"म्हणजे?"

"तू गेली असतीस तर यांना कोण शिकवणार होतं? मला वाचता येत नाही. तुझे बाबा टेम्पोवर. एक शिकली असती, मागची सगळी तशीच राहिली असती."

"आणि माझं काय?"

"तू कुठेही शिकली असतीस. शिकलीसच की."

त्या रागात नव्हत्या. आज भाजी काय करायची, तसं सांगत होत्या.

"जागृतीला माहितीये हे?"

"तिला कशाला सांगायचं. ती आपली मामीला दोष देते, तेच बरंय."

रुपाली उठली आणि बॅग भरायला लागली. कपडे घडी न करता कोंबत होती.

"ताई, हे समीकरण बघ ना," मुकुल म्हणाला.

तिने मान वर केली नाही.

"रसिके, तू बघ गं जरा," काकू म्हणाल्या.

रसिकाने बायोलॉजीचं पुस्तक मिटलं आणि मुकुलकडे सरकली. तिला त्यात वेगळं काही वाटलं नाही. रुपालीचे हात थांबले. तिने जाऊन ते पुस्तक पुन्हा उघडलं आणि रसिकाच्या मांडीवर ठेवलं.

"हिने फक्त हिचं वाचायचं," ती आईला म्हणाली. "मुकुलचं मी रोज व्हिडिओ कॉलवर घेईन. हिला यात ओढायचं नाही."

"तू म्हणशील तसं," काकू म्हणाल्या. जरा जास्तच पटकन. मग मुकुलकडे वळल्या. "बघ, म्हटलेलं ना तुला, ताई तुझा अभ्यास सोडणार नाही."

ते रुपालीने ऐकलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बॅग उचलून ती कोळशेतला जायला घराबाहेर पडली.